बारीक होण्याच्या गोळ्या

मूत्रपिंडाच्या कर्करोगाची नेहमीची कारणं सांगायला दोन ओळी पुरतात: सिगारेट-बिडी, लठ्ठपणा, वर्षानुवर्षं चढलेलं ब्लडप्रेशर. औषधांकडे वळलं की गोष्ट गुंतागुंतीची होते.

ब्रुसेल्समधल्या एका दवाखान्यात 1990 पासून वजन उतरवण्यासाठी चिनी वनस्पतींची भुकटी भरलेल्या गोळ्या देत होते. पुढच्या दोन-तीन वर्षांत पन्नाशीच्या आतल्या, एरवी ठणठणीत बायकांची मूत्रपिंडं भराभर निकामी होऊ लागली. घोळ नावात होता. हवी होती ‘हान फांगजी’, आली ‘ग्वांग फांगजी’. ही दुसरी वनस्पती अरिस्टोलोकिया कुळातली आणि तिच्यात अरिस्टोलोकिक आम्ल असतं.

मूत्रपिंडं गेली, एवढ्यावर ते थांबलं नाही. 39 रुग्णांनी निकामी मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या काढून घेतल्या, तेव्हा त्यांतल्या 18 जणांच्या मूत्रमार्गाच्या अस्तरात कर्करोग सापडला. गोळ्या बंद होऊन तोवर काही वर्षं लोटली होती. हा निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाला. फेनासिटिन ही जुनी वेदनाशामक गोळीही वर्षानुवर्षं खाल्ली तर याच अस्तराला नडते. ती ‘इंग्रजी औषधं’ या गटातली, म्हणजे झाडपाला विरुद्ध गोळी असा हा सामना नाहीच.

हे आम्ल शरीरात बदलून डीएनएच्या ‘ए’ या अक्षराला चिकटतं. पेशी नक्कल करताना तिथे चुकून ‘टी’ लिहिते. अशा चुका इतक्या ठरावीक नमुन्यात होतात, की नुसती गाठ तपासून गुन्हेगार ओळखता येतो.

आपल्या सह्याद्रीत याच कुळातली ईश्वरीची वेल आहे. सापाच्या विषावर तिची मुळी देण्याची जुनी प्रथा आहे. काही फुलपाखरांचे सुरवंट मात्र तिच्यावरच पोसतात आणि तिचं विष अंगात साठवून पक्ष्यांपासून वाचतात. आपल्या मूत्रपिंडाला ती सोय नाही. ‘झाडपाल्याचं आहे, अपाय कसला?’ म्हणणाऱ्यांना मी हल्ली ही वेल दाखवतो.

डॅन्यूबच्या खोऱ्यातल्या शेतांत याच कुळातलं तण गव्हात उगवतं. त्याचं बी दळणात जाऊन भाकरीतून पोटात गेलं आणि तिथल्या गावांत मूत्रपिंडाचा विकार पिढ्यान्‌पिढ्या टिकला, असं आता मानतात. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोमेनिया आणि सर्बियातल्या बहुतेक रुग्णांच्या मूत्रपिंडाच्या नेहमीच्या कर्करोगातही ‘ए’च्या जागी ‘टी’ची तीच खूण सापडली.