नुसत्या लेक्चरने हार्टचा पेशंट वाचत नाही

हार्ट अटॅकमध्ये अ‍ॅस्पिरिन लगेच द्यायची हे आज बऱ्याच जणांना माहीत असतं, पण ते पक्कं ठरलं १९८८ साली. आयसिस-२ नावाच्या अभ्यासात १७ हजारांवर पेशंट होते, काहींना महिनाभर रोज १६२ मिलीग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिली, काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, आणि पाच आठवड्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू अ‍ॅस्पिरिनवाल्यांमध्ये २३ टक्क्यांनी कमी निघाले. रक्ताची गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज हे औषध सोबत दिलं तर ४२ टक्क्यांनी. इतकी साधी गोळी आणि इतका फरक!

मग प्रश्न असा की पुरावा हातात आल्यावर तो पेशंटच्या बेडपर्यंत पोचायला किती वेळ लागतो? खूप लागतो. १९९२ मध्ये काही संशोधकांनी जुने सगळे अभ्यास आणि त्या त्या काळातली पाठ्यपुस्तकं शेजारी ठेवून पाहिली, तर गुठळी विरघळवणाऱ्या औषधांचा फायदा आकड्यांत दिसू लागल्यावर पुस्तकांत तसा सल्ला यायला दहा वर्षांहून जास्त गेली होती. आणि पुस्तकात आलं म्हणजे कॅज्युल्टीत आलं असंही नाही ना.

उलटा प्रकारही असतो, जुनी सवय सोडण्याचा, आणि मला तर तोच जास्त अवघड वाटतो. अटॅकनंतर ठोके अनियमित पडतात म्हणून ते सरळ करणारी औषधं सर्रास द्यायचे, १९८९ मध्ये कास्ट नावाच्या अभ्यासात कळलं की त्यातल्या दोन औषधांनी, एन्केनाइड आणि फ्लेकेनाइडने, ईसीजी छान दिसतो पण माणसं जास्त मरतात. ऑक्सिजनचंही तसंच, छातीत दुखतंय म्हटलं की मास्क लावायचा ही सगळ्यांची सवय, पण २०१७ मध्ये स्वीडनमध्ये साडेसहा हजारांवर पेशंटवर तपासलं तेव्हा रक्तातलं ऑक्सिजन ९० टक्के किंवा जास्त असेल तर मास्कचा काही फायदा दिसला नाही.

हे सगळं स्टाफला सांगायचं तर हॉस्पिटलं काय करतात, तर हॉलमध्ये सगळ्यांना बसवून तासभर स्लाइड्स दाखवतात. अशा ट्रेनिंगवरचे ढीगभर अभ्यास एकत्र करून पाहिले तर वागण्यात फरक पडतो, पण मधला आकडा साधारण सहा-सात टक्क्यांचा, म्हणजे शंभर वेळा काम करायची वेळ आली तर सहा-सात वेळा जास्त बरोबर होतं. शून्य नाही, पण पुरेसंही नाही.

कारण अडचण फक्त माहितीची नसतीच. बघा, छातीत दुखणारा पेशंट आला की १० मिनिटांत ईसीजी काढून कुणीतरी जाणकाराने तो वाचायला हवा असा नियम आहे, पण पेशंटला सगळ्यात आधी भेटतो कोण? केसपेपर काढणारा, वॉर्डबॉय, फार तर ड्युटीवरची सिस्टर. त्यात बायकांना, डायबेटिस असलेल्यांना, म्हाताऱ्या माणसांना कधीकधी छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो, दरदरून घाम येतो, पोटाच्या वरच्या भागात जळजळतं, आणि केसपेपरवाल्याला हे कुणी कधी सांगितलेलंच नसेल तर तो ॲसिडिटी समजून त्यांना रांगेत बसवणार, त्यात त्याची काय चूक? आणि सिस्टरला कळलं तरी डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ईसीजी काढायची तिला परवानगीच नसेल तर ते शिकणं वायाच गेलं की. म्हणून मला वाटतं ट्रेनिंग दारापासून सुरू व्हायला हवं आणि शिकवलेलं करायची मुभाही त्याच दिवशी द्यायला हवी.

अमेरिकेत ३६५ हॉस्पिटलांचा एक अभ्यास २००६ मध्ये आला, पेशंट दारात आल्यापासून अँजिओप्लास्टीत बंद रक्तवाहिनी उघडणारा फुगा फुगेपर्यंत कुठे कमी वेळ लागतो आणि का हे बघणारा. जिथे कॅज्युल्टीचा डॉक्टरच कार्डिओलॉजिस्टची वाट न बघता कॅथ लॅब, म्हणजे अँजिओप्लास्टीची खोली, सुरू करायला सांगतो, एका फोनवर सगळी टीम हलते, टीमने वीस मिनिटांत पोचायचं असं ठरलेलं असतं आणि किती मिनिटं लागली ते स्टाफला लगेच कळवतात, तिथे वेळ वाचतो. ब्राझीलमध्ये ३४ सरकारी हॉस्पिटलांपैकी निम्म्यांत चेकलिस्ट, आठवण करून देणाऱ्या खुणा, शिकवण्याचं साहित्य आणि पाठपुरावा करणारी एक व्यक्ती असं सगळं एकत्र दिलं, तर पहिल्या २४ तासांत सगळी योग्य औषधं मिळालेले पेशंट ६७.९ टक्के झाले, बाकीच्या हॉस्पिटलांत ४९.५ टक्केच होते.

पण दरवेळी इतकं सरळ होत नाही. केरळमध्ये ६३ हॉस्पिटलं आणि २१ हजारांवर पेशंट घेऊन असाच प्रयत्न झाला, महिनाभरातले मृत्यू, पुन्हा अटॅक, स्ट्रोक, मोठा रक्तस्राव हे सगळं मिळून ६.४ वरून ५.३ टक्क्यांवर आलेलं दिसलं, पण काळाबरोबर आपोआप होत जाणारी सुधारणा हिशोबात धरल्यावर तो फरक ठामपणे या प्रयत्नाचा म्हणता आला नाही. २०१८ मध्ये हे छापून आलं, आणि निकाल मनासारखा नसूनही छापलं हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याचं, तर वेगळंच आहे, तिथे पुरावाही पाठ असतो आणि हात विसरतात. मिनिटाला १०० ते १२० वेळा, मोठ्या माणसाची छाती निदान ५ सेंटिमीटर दाबायची, हे विचारलं तर झोपेतूनही सांगतील, पण ट्रेनिंगनंतर तीन ते सहा महिन्यांत दाब कमी पडायला लागतो, आणि सर्टिफिकेट मात्र दोन वर्षांचं असतं. म्हणून आता काही ठिकाणी दोन वर्षांनी दिवसभराचा कोर्स करण्याऐवजी दर तीन महिन्यांनी वॉर्डातच सरावाचा पुतळा आणतात, सिस्टर ड्युटीत थोडा वेळ काढून त्यावर छाती दाबते आणि जोर कमी पडला तर पुतळ्याला जोडलेला स्क्रीन तिला तिथल्या तिथे सांगतो.