पार्श्वभूमी : पंधरा-वीस गज आणि 'इंग्लिश' हे विशेषण

इंग्लंडमधल्या एखाद्या मध्यम शहरात, चर्चमध्ये किंवा शाळेच्या सभागृहात होणाऱ्या चेंबर ऑर्केस्ट्राच्या, म्हणजे छोट्या वाद्यवृंदाच्या, कार्यक्रमाचा कागद हातात घ्या. क्रम बहुधा ठरलेला असतो. आधी एल्गार, मग होल्स्ट किंवा व्हॉन विल्यम्स, मध्यंतराच्या आसपास हयात संगीतकाराची दहा-पंधरा मिनिटांची रचना आणि शेवटी ब्रिटन. (देश आणि संगीतकार देवनागरीत सारखेच उमटतात. या टिपणात ब्रिटन म्हणजे बेंजामिन ब्रिटन. आणि गज म्हणजे व्हायोलिन वाजवायचा गज.) वर शीर्षक असते 'इंग्लिश आणि समकालीन'. यातला 'समकालीन' फारसा त्रास देत नाही. रचनाकार जिवंत आहे किंवा नुकताच गेला, एवढाच त्याचा अर्थ. गोची आहे ती 'इंग्लिश'ची.

आपल्याकडे हा शब्द आणखी सैल. 'इंग्लिश म्युझिक' म्हणजे बीथोवनपासून बीटल्सपर्यंत सगळे, आणि 'ऑर्केस्ट्रा' म्हणजे गणेशोत्सवातला फिल्मी गाण्यांचा कार्यक्रम. ते सोडून देऊ. पण खुद्द इंग्लंडातही या विशेषणाचा अर्थ विचारला की लोक हिरवी कुरणे, धुके, लोकगीते असे काहीतरी सांगू लागतात. या कार्यक्रमांपुरता त्याचा अर्थ बराच व्यावहारिक आहे, असे माझे मत : फक्त तंतुवाद्ये (म्हणजे गजाने वाजणारी, व्हायोलिनच्या घराण्यातली), पंधरा-वीस वादक आणि तेवढ्यांनाच पुरेल इतका पैसा. कुरणे नंतर उगवली.

दूरचा इतिहास चार वाक्यांत आटोपतो. इंग्लिश संगीतकार पर्सेल 1695 मध्ये गेला. त्यानंतर लंडन ही संगीताची मोठी पेठ राहिली, पण माल बाहेरून यायचा. हँडल जर्मनीतून, हायडन व्हिएन्नाहून, मेंडेल्सझोन पुन्हा जर्मनीतून. 1914 मध्ये एका जर्मन लेखकाने इंग्लंडवरच्या आपल्या पुस्तकाला 'संगीत नसलेला देश' असे नाव दिले आणि ते इंग्रजांना अजून झोंबते.

खरे तर तोवर उत्तर वाजू लागले होते, पण बायकांच्या वर्गांत. एल्गारची तंतुवाद्यांसाठीची सेरेनेड, म्हणजे हलकीफुलकी रचना, 1892 ची. ती पहिल्यांदा वाजवली वुस्टरच्या महिला वादनवर्गाने. एल्गार तेव्हा व्हायोलिनच्या शिकवण्या करणारा पस्तिशीचा माणूस होता. तिचा पहिला जाहीर प्रयोग झाला तो 1896 मध्ये, बेल्जियममधल्या अँटवर्पला. 1894 मध्ये पॅरी या संगीतकाराने असाच एक संच, म्हणजे छोट्या तुकड्यांची मालिका (स्वीट), लिहिला, तोही एका उमरावाच्या पत्नीने जमवलेल्या महिला वाद्यवृंदासाठी. हा योगायोग नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चांगल्या घरच्या मुलीने व्हायोलिन शिकणे शोभू लागले होते. ट्रम्पेट-ट्रॉम्बोन मात्र नाही. आणि व्यावसायिक वाद्यवृंदांची दारे बायकांना जवळपास बंदच होती. लंडनच्या एका नामांकित वाद्यवृंदाने सहा महिलांना घेतले ते 1913 मध्ये, आणि त्याचीही बातमी झाली. तेव्हा वाजवायला उत्सुक असलेल्या, पण फुंकवाद्ये नसलेल्या या बायकांसाठी कुणीतरी लिहायला हवे होते. ज्यांनी लिहिले ते पुढे 'इंग्लिश तंतुवाद्य-परंपरे'चे जनक ठरले. बायकांची नावे त्या परंपरेत फारशी कुठे येत नाहीत.

होल्स्टचेही तेच. तो 1905 पासून पश्चिम लंडनमधल्या मुलींच्या शाळेत शिकवत होता. शाळेने 1913 मध्ये त्याला बाहेरचा आवाज आत न येणारी स्वतंत्र खोली बांधून दिली आणि त्याने उतराई म्हणून मुलींसाठी 'सेंट पॉल्स' संच लिहिला. त्याच्या शेवटच्या भागात नाचाच्या एका चालीवर 'ग्रीनस्लीव्ह्ज' ही जुनी इंग्लिश धून अलगद येऊन बसते. आज सराईत वादकही त्या जागी सावध होतात. ती लिहिली होती शाळकरी पोरींसाठी.

होल्स्टविषयी मराठी वाचकाला एक गोष्ट जास्त सांगितली पाहिजे. अनुवादांवर समाधान न झाल्याने तो लंडनमध्ये संस्कृत शिकला आणि ऋग्वेदातल्या सूक्तांना त्याने चाली दिल्या. 'सीता' नावाची भलीमोठी संगीतिका (ऑपेरा) त्याने अनेक वर्षे खपून लिहिली. ती स्पर्धेत पहिली आली नाही आणि त्याच्या हयातीत रंगमंचावरही आली नाही. मग 1908 मध्ये त्याने अगदी उलट टोक गाठले. 'सावित्री' अर्ध्या तासाची आहे. रंगमंचावर सावित्री, सत्यवान आणि मृत्यू एवढेच, आड एक समूहस्वर आणि डझनभर वाद्ये. ती 1916 मध्ये लंडनला झाली. भव्य वाद्यवृंदाचा नाद सोडून मूठभर वाद्यांवर भागवायची कला इंग्लिश रंगभूमीवर आली ती आपल्या वटपौर्णिमेच्या कथेवर बसून, असे म्हणायला हरकत नाही. ब्रिटनच्या छोट्या संगीतिका त्यानंतर जवळपास तीस वर्षांनी आल्या.

मोठ्या वाद्यवृंदांच्या तंतुविभागासाठी लिहिलेल्या रचनाही आहेत. एल्गारचे 'इंट्रोडक्शन अँड अलेग्रो' 1905 चे, आदल्याच वर्षी वादकांनी बंड करून उभारलेल्या वाद्यवृंदासाठी. व्हॉन विल्यम्सची टॅलिस या सोळाव्या शतकातल्या संगीतकाराच्या चालीवरची फँटसी 6 सप्टेंबर 1910 रोजी ग्लॉस्टरच्या कॅथेड्रलमध्ये झाली. या दोन्ही आज चेंबर ऑर्केस्ट्रा वाजवतात खरे, पण गज मोजूनमापून.

या साऱ्याला आजचा घाट आला तो 1930 च्या दशकात. 1934 मध्ये चार महिन्यांच्या आत एल्गार, होल्स्ट आणि डीलियस हे तिन्ही संगीतकार गेले. त्याच्या आदल्या वर्षी लंडनमध्ये एका तरुण डॉक्टरने, हो, औषधे देणाऱ्या डॉक्टरने, अठराएक तंतुवादक जमवून आपला वाद्यवृंद उभा केला होता. त्याला 1937 मध्ये साल्झबर्गच्या उत्सवाचे बोलावणे आले. अट एकच, नवी इंग्लिश रचना हवी. एका चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणात डॉक्टरांनी 23 वर्षांच्या ब्रिटनचा झपाटा पाहिला होता. त्याने महिन्याभरात आपल्या गुरूच्या, फ्रँक ब्रिजच्या, चालीवर विस्तार (व्हेरिएशन्स) लिहून दिले. त्यांत इटालियन आरियाची, म्हणजे ऑपेरातल्या गाण्याची, थट्टा आहे, व्हिएन्नाचा वॉल्ट्झ आहे, शवयात्रा आहे. ते 27 ऑगस्ट 1937 रोजी साल्झबर्गला वाजले. सात महिन्यांत ऑस्ट्रिया जर्मनीने गिळला. आज कार्यक्रमाच्या शेवटी 'आपले जुने, आवडते' म्हणून येणारी ही रचना त्या दिवशी कागदावर 'समकालीन' या खान्यात होती, हे विसरले जाते.

त्याच सुमारास संगीतकार मायकल टिपेट दक्षिण लंडनमध्ये बेकार वादकांचा वाद्यवृंद चालवत होता. हे वादक बेकार झाले होते बोलपटांमुळे. मूकपटांच्या वेळी प्रत्येक थिएटरात वादक लागत. आवाज पडद्यातूनच येऊ लागल्यावर त्यांचे काम एका रात्रीत गेले. (मुंबईत नेमके उलटे झाले. बोलपटांनीच पुढे गोव्याहून आलेल्या व्हायोलिनवाल्यांना स्टुडिओत रोजगार दिला.) टिपेटचा दुहेरी तंतुवाद्यवृंदासाठीचा कॉन्चेर्टो 1940 च्या एप्रिलमध्ये या वाद्यवृंदाने कामगारांच्या संध्याकाळच्या कॉलेजात वाजवला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संगीतकार जेराल्ड फिंझीने न्यूबरीच्या आसपासचे हौशी तंतुवादक गोळा केले आणि युद्धाच्या काळोखात खेड्यांतल्या चर्चमधून कार्यक्रम सुरू केले. महिला, शाळकरी मुली, डॉक्टरचे दोस्त, बेकार आणि हौशी. इंग्लिश परंपरा कुणी वाजवून घडवली, त्याची ही यादी.

आता त्या विशेषणाकडे पुन्हा येऊ. इंग्लिश कोण? रक्त पाहायचे तर होल्स्टचे घराणे बाल्टिक किनाऱ्याकडून आलेले. नावातला जर्मन 'फॉन' त्याने 1918 मध्ये काढला, कारण महायुद्धात तो अडचणीचा होऊ लागला होता. डीलियसचे आईवडील जर्मन, आणि त्याने आयुष्याचा मोठा भाग फ्रान्समध्ये काढला. फिंझीचे पूर्वज ज्यू. चालींवरून ठरवायचे म्हटले तर वॉरलॉक या संगीतकाराच्या 'कॅप्रियल' संचातले नाच सोळाव्या शतकातल्या फ्रेंच पुस्तकातले, टिपेटची 1953 ची फँटसी कोरेल्लीच्या, म्हणजे इटालियन, चालीवर, आणि एल्गारच्या 'इंट्रोडक्शन'मधली ती हुरहुर लावणारी धून त्याला सुचली वेल्समध्ये कानावर पडलेल्या गाण्यावरून. शिक्षण बघावे, तर सगळ्यांत 'मातीतला' समजला जाणारा व्हॉन विल्यम्स टॅलिसवरच्या फँटसीच्या थोडे आधी पॅरिसला राव्हेल या फ्रेंच संगीतकाराकडे शिकून आला होता. कोणतीही चाळणी घ्या, निम्मे गळतात. सगळ्यांत समान उरते ती एकच गोष्ट : फुंकवाद्यांशिवाय, थोड्या गजांनी भरगच्च आवाज काढण्याची युक्ती. चौघांना वेगळे बसवायचे, ताफ्याचे दोन भाग करायचे, एकाच वाद्यगटाला तीन-चार ओळी द्यायच्या. हे तंत्र गरजेतून आले आणि त्याचे नाव राष्ट्राचे पडले.

नाव पक्के केले लाँगप्ले तबकडीने. 1962 मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या एका तबकडीवर एल्गार आणि व्हॉन विल्यम्स यांच्या तंतुवाद्य-रचना एकत्र आल्या आणि तेव्हापासून 'इंग्लिश स्ट्रिंग म्युझिक' हा दुकानातला स्वतंत्र कप्पा झाला. कंडक्टरचे वडील इटालियन, आई फ्रेंच. आणि वाद्यवृंद? चित्रपटांच्या पार्श्वसंगीतासाठी जमणारा, रोजंदारीवरचा. जगाने ज्याला इंग्लिश आवाज म्हणून ओळखले, तो वाजवणारे लोक बाकीचे दिवस सिनेमासाठी वाजवत होते. मुंबईच्या स्टुडिओंतल्या वादकांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

विरोध झालाच नाही असे नाही. 1950 च्या दशकात एलिझाबेथ लट्येन्स या संगीतकर्तीने या साऱ्या कुरणवाल्या संगीताला 'शेणाच्या पोवट्यांचे संगीत' म्हटले. नवी दिल्ली आखणाऱ्या लट्येन्सची ही मुलगी. बारा स्वरांच्या (बाराही स्वरांना सारखे लेखणाऱ्या) पद्धतीने लिहिणारी, तोंडाने फटकळ आणि बराच काळ चित्रपटसंगीतावर पोट भरणारी. तिचा राग समजण्यासारखा आहे. पण तिच्या स्वतःच्या चेंबर कॉन्चेर्टोंना आज 'इंग्लिश आणि समकालीन' या शीर्षकाखाली क्वचितच जागा मिळते. कारण विचारले तर 'श्रोते येत नाहीत' असे ऐकू येते. त्यात वेगवेगळी फुंकवाद्ये लागतात, हेही कारण असावे. तंतुवाद्यांचा ताफा आधीच बसलेला असताना आणखी चार-पाच माणसांचे मानधन कोण देणार?

म्हणूनच अलीकडच्या ज्या रचना टिकल्या त्या बहुधा याच साच्यातल्या. जॉन टॅव्हनरची चेलो आणि तंतुवाद्यांसाठीची 'द प्रोटेक्टिंग व्हेल' (म्हणजे रक्षण करणारा पदर, मासा नव्हे) 1989 च्या प्रॉम्समध्ये, लंडनच्या उन्हाळी संगीतमहोत्सवात, झाली आणि तबकडीच्या रूपात अभिजात संगीताच्या मानाने तुफान खपली. लंडनला जन्मलेल्या अ‍ॅना क्लाइनने आईच्या मृत्यूनंतर पंधरा तंतुवाद्यांसाठी 'विदिन हर आर्म्स' लिहिले. ते पहिल्यांदा वाजले 2009 मध्ये लॉस एंजलिसला. बेलीझमध्ये जन्मलेली एरोलिन वॉलन 2024 मध्ये राजाची संगीतकार झाली. इथेही रक्त आणि गाव विचारत बसू नये.

हा साचा स्वस्त आहे, पण फुकट नाही. 4 नोव्हेंबर 2022 रोजी इंग्लंडमधल्या कलांना सरकारी पैसा वाटणाऱ्या संस्थेने पुढच्या तीन वर्षांची यादी जाहीर केली. लंडनमधला पैसा बाहेर न्या, असा मंत्र्यांचा आदेश आधीच आला होता. गाजले ते लंडनच्या एका संगीतिका-मंडळीचे प्रकरण, कारण तिचे अनुदान पूर्ण काढून तिला शहर सोडायला सांगितले गेले. ओरड झाल्यावर तिला पुन्हा पैसे मिळाले. त्या गोंगाटात एक छोटी नोंद दबली. केंब्रिजमधून चालणाऱ्या, ब्रिटनचेच नाव लावणाऱ्या चेंबर ऑर्केस्ट्राचेही अनुदान शून्यावर आले. तो लंडनचा नव्हता. नॉर्विच, केंब्रिज अशा ठिकाणी वाजवणे हेच त्याचे काम होते, आणि नव्या रचना लिहून घेण्यात तो आघाडीवर होता. पैसा लंडनबाहेर न्यायच्या धोरणात लंडनबाहेरचाच वाद्यवृंद कापला गेला, याचे पटण्याजोगे स्पष्टीकरण माझ्या वाचनात आलेले नाही. संस्थेची बाजू अशी की मागणी पैशापेक्षा कितीतरी जास्त होती आणि कुणाला तरी नाही म्हणणे भाग होते. ते खरेच असते, नेहमीच. देणग्यांवर तो वाद्यवृंद तगला.

पुढच्या मार्चमध्ये सार्वजनिक प्रसारण संस्थेने आपला व्यावसायिक गायनसमूह बंद करण्याचे आणि इंग्लंडमधल्या वाद्यवृंदांतल्या जागा कमी करण्याचे जाहीर केले. गायनसमूहाचा निर्णय काही आठवड्यांतच स्थगित ठेवावा लागला. चेंबर ऑर्केस्ट्राच्या वादकांना अशा बातम्या वेगळ्या लागतात. त्यांच्यातले बहुतेक कुणाचेच पगारी नसतात, त्यामुळे त्यांची नोकरी जात नाही. फोन यायचा थांबतो.

परदेश दौऱ्यांचा आधार होता, तोही ब्रेक्झिटनंतर आटला. साल्झबर्गला 1937 मध्ये गेला तेवढाच ताफा आज न्यायचा तर युरोपातले दिवस मोजावे लागतात, 180 दिवसांत 90. सामान ट्रकने गेले तर वाद्यांची यादी जोडावी लागते. आणि जुन्या व्हायोलिनच्या गजाच्या टोकाला हस्तिदंताची चकती असेल, म्हणजे आपल्या भाषेत गजाला गजदंत असेल, तर सीमेवर दाखवायला त्या एवढ्याशा तुकड्याचे वेगळे प्रमाणपत्र लागते.