बाराबोअरची बंदूक कशी निवडावी: पीकरक्षण, क्ले नेमबाजी आणि घराचे संरक्षण
(परवानाधारक व परवाना मागू इच्छिणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक, सोलापूर)

बाराबोअर, म्हणजे छर्ऱ्याची बंदूक पाहायला आलेल्या ग्राहकाला आम्ही आधी ती कशासाठी हवी आहे, हे विचारतो. उसाचा फड राखायचा आहे, क्ले नेमबाजी शिकायची आहे, की शेतातल्या वस्तीवर रात्रीचा आधार हवा आहे, यावर नळीची लांबी, चोक (छर्ऱ्यांची फाकण कमी करणारा नळीच्या तोंडाचा निमुळतेपणा), वजन आणि काडतूस या चारही गोष्टी ठरतात. तिन्ही कामांना चालेल अशी एकच बंदूक सांगा, असा आग्रह झालाच, तर आमची पसंती शेजारी-शेजारी नळ्या असलेल्या साध्या दुनळीला आहे. ती उघडली की दोन्ही नळ्या भरलेल्या आहेत की रिकाम्या, हे एका नजरेत दिसते, तिच्यात बिघडण्यासारखे भाग कमी असतात आणि तिची दुरुस्ती करणारे कारागीर आपल्या भागात अजून मिळतात.

शिकार आणि पीकरक्षण

केवळ शिकारीच्या हौसेसाठी बंदूक घेऊ नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 9 ने शिकारीला बंदी घातली आहे आणि हातात शस्त्र परवाना असला, तरी माळावरचे तितर, ससे किंवा काळवीट मारणे हा गुन्हाच ठरतो. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरांच्या बाबतीत कलम 11 खाली अधिकृत वनाधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात. ती हातात येण्यापूर्वी बार काढू नये, आणि मारलेले जनावर शासनाची मालमत्ता असल्याने त्याची विल्हेवाट वनखात्याच्या सांगण्याप्रमाणेच लावावी. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा आणि करमाळा तालुक्यांतील ग्राहकांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात किंवा त्याच्या हद्दीपासून 10 किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला कलम 34 नुसार वनखात्याकडे आपल्या शस्त्राची नोंदणी करावी लागते, आणि त्या टापूत नवीन परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय मिळत नाही.

परवानगी मिळाल्यावर प्रश्न काडतुसाचा येतो. रानडुकरासाठी एस.जी. किंवा एल.जी. हे मोठ्या छर्ऱ्यांचे काडतूस वापरतात, पण एस.जी.मध्ये छर्रे जेमतेम आठ-नऊ असल्याने 25 मीटरपलीकडे त्यांची फाकण विरळ होते आणि जनावर मरण्याऐवजी जखमी होऊन फडात शिरते. जखमी डुक्कर दुसऱ्या दिवशी ऊसतोड करणाऱ्या माणसाच्या अंगावर जाते, म्हणून लांबचा बार टाळावा, असे आम्ही कळकळीने सांगतो. त्याच वेळी हेही लक्षात असू द्यावे की, एस.जी.चा सुटा छर्रा 600 मीटरपर्यंत जाऊ शकतो आणि क्लेच्या बारीक छर्ऱ्यालाही 200 मीटरच्या आसपास पल्ला असतो. उसापलीकडे काय आहे ते दिसत नसेल, तर चापावर बोट ठेवू नये.

क्ले नेमबाजी

या खेळात हवेत फेकलेली 110 मिलिमीटर व्यासाची चकती छर्ऱ्यांनी फोडायची असते. ट्रॅपमध्ये चकत्या नेमबाजासमोर 15 मीटरवरच्या खंदकातून सुटून दूर पळतात. स्कीटमध्ये त्या उंच आणि ठेंगण्या अशा दोन घरांतून आडव्या येतात व नेमबाज आठ ठिकाणांवरून बार काढतो. बिकानेरचे महाराजा करणीसिंह यांनी 1962 च्या कैरो येथील जागतिक स्पर्धेत ट्रॅपचे रौप्यपदक मिळवले, राज्यवर्धनसिंह राठोड यांनी 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये डबल ट्रॅपचे (एकाच वेळी दोन चकत्या सुटणाऱ्या प्रकाराचे) रौप्य आणले, आणि 2024 साली पॅरिसमध्ये माहेश्वरी चौहान व अनंतजीतसिंह नरुका यांच्या स्कीट जोडीचे कांस्यपदक अवघ्या एका गुणाने हुकले. आपल्या मुलामुलींनी या खेळाकडे वळावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

या खेळासाठी नळीवर नळी असलेली बंदूक सोयीची असते, कारण नजरेखालून एकच नळी जाते. पेराझी, बेरेटा, क्रीगहॉफ या परदेशी बंदूक-कंपन्यांची नावे प्रत्येक मोठ्या स्पर्धेत दिसतात; मात्र परदेशी बंदुकीची आयात सर्वसामान्य परवानाधारकाला खुली नसून ती सवलत प्रथितयश नेमबाजांपुरती आहे. नवशिक्याने तिच्यामागे न लागता रेंजवरील प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली सुरुवात करावी. क्लेच्या बंदुकीचे वजन साडेतीन ते चार किलो असते. ते नवख्या हातांना जड वाटते, पण दिवसभरात शंभरावर बार काढताना खांद्याला बसणारा धक्का त्याच वजनामुळे सोसतो. स्पर्धेत एका काडतुसात 24 ग्रॅम छर्रे चालतात. साडेसात नंबरचे (नंबर म्हणजे छर्ऱ्याचे माप) घेतले, तर ते सुमारे 300 भरतात.

घर आणि वस्ती

छर्ऱ्याच्या बंदुकीला नेम धरावा लागत नाही, हा समज आमच्याकडे वारंवार ऐकू येतो आणि तो धोक्याचा आहे. चोक नसलेल्या नळीतून छर्रे ढोबळमानाने दर मीटरला अडीच सेंटिमीटर फाकतात. म्हणजे चार मीटरच्या खोलीत सगळा बार जेमतेम वीतभरापेक्षा लहान जागेत लागतो. नेम चुकला, तर तो पूर्णपणे चुकतो, आणि मोठे छर्रे पत्रा किंवा पातळ भिंत भेदून पलीकडे झोपलेल्या माणसापर्यंत पोहोचू शकतात.

नळी कापून आखूड करून द्या, अशी विनंती कृपया कोणी करू नये. शस्त्र अधिनियम, 1959 ने नळी आखूड करण्यास मनाई केली आहे आणि संरक्षणासाठी परवाना मिळणाऱ्या बंदुकीची नळी किमान 20 इंच असावी लागते. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे, परंतु संरक्षणासाठी आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याची मुभा तो देत नाही. पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीवर काढलेला बार सहसा या हक्कात बसत नाही. खरे सांगायचे, तर वस्तीवर भक्कम दार, अंगणात दिवा आणि राखणीचा कुत्रा यांची व्यवस्था आधी करावी आणि बंदुकीचा विचार त्यानंतर करावा. घरात लहान मुले असतील, तर बंदूक एका कुलपात आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात ठेवावीत.

लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणे हा शस्त्र अधिनियमाच्या 2019 च्या दुरुस्तीपासून स्वतंत्र गुन्हा आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत पाच वर्षे केली आणि एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुकांची मर्यादा घातली.

वडिलोपार्जित आणि जुनी बंदूक

आमच्याकडे सर्वाधिक येतात त्या आजोबांच्या वेळच्या विलायती दुनळ्या, आणि त्यांची तपासणी आम्ही ग्राहकासमोरच करतो. नळ्या उतरवून खिडकीच्या उजेडाकडे धरल्या की, आत उजेडाची एकात एक वर्तुळे दिसतात. जिथे वर्तुळ मोडते, तिथे पोचा असतो आणि जिथे काळे ठिपके दिसतात, तिथे गंजाने खड्डे पाडलेले असतात. पोचा निघतो, खोल खड्डे निघत नाहीत. नळीवर लाकडाच्या रेषांसारखी नक्षी असेल, तर ती दमास्कस नळी, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली जुनी नळी, असू शकते. ती काळ्या दारूसाठी, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बंदुकीच्या दारूसाठी घडवलेली असते, त्यामुळे आजच्या काडतुसाने ती फाटू शकते. अशी बंदूक कुलपात जपून ठेवावी, तिच्यातून बार काढू नये.

याहून फसवी गोष्ट म्हणजे घराची लांबी, म्हणजेच नळीत काडतूस बसते त्या जागेची लांबी. अनेक जुन्या बंदुकांचे घर 65 मिलिमीटरचे असते. आजचे 70 मिलिमीटरचे काडतूस त्यात सहज बसते, कारण काडतुसावर लिहिलेली लांबी बार झाल्यानंतरची असते. बार होताच त्याचे दुमडलेले तोंड उघडून नळीच्या निमुळत्या भागात अडकते आणि आतला दाब वाढतो. काडतूस बसले म्हणजे चालते, असे कोणीही समजू नये. आम्ही मापकाने घर मोजून ते आकडे ग्राहकाला लिहून देतो. शिवाय बहुतेक दुनळ्यांची सेफ्टी फक्त चाप अडवते, आतले घोडे ताणलेलेच राहतात, म्हणून भरलेली बंदूक हातातून पडली तरी बार होऊ शकतो.

परवानाधारकाचे निधन झाल्यास वारसांनी बंदूक घरात न ठेवता विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि नंतर आपल्या नावाने परवान्याचा अर्ज करावा. सोलापूर शहरातील अर्ज पोलीस आयुक्तालयात आणि ग्रामीण भागातील अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात होतात.

तपासणीसाठी येताना मूळ परवाना आणावा, बंदूक रिकामी करून, उघडून पाहून, मग कव्हरमध्ये घालावी आणि काडतुसे वेगळ्या पिशवीत आणावीत. उन्हाळ्यात ती दुचाकीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नयेत, कारण तापलेल्या दारूचा दाब वाढतो. बार काढल्यानंतर त्याच दिवशी नळीतून ब्रश फिरवावा, जुन्या सोलापुरी टॉवेलच्या पट्टीने ती कोरडी करावी आणि रंगून ऑइलचा (बंदुकीला लावायच्या तेलाचा) अगदी पातळ हात द्यावा. तेल जास्त झाले, तर ते दस्त्याच्या लाकडात मुरून लाकूड मऊ पडते.