विमानतळ ‘गजबजलेला’ म्हणजे नेमका किती?

समजा, एका प्रादेशिक विमानतळावरून ७२ आसनी टर्बोप्रॉप विमाने दिवसातून सहा वेळा सुटतात आणि सरासरी ७० टक्के भरतात. दुसऱ्यावरून १८० आसनी जेट दोनदाच सुटते, पण ९० टक्के भरून. जास्त गजबज कुठे? धावपट्टीकडे पाहणारा पहिल्याचे नाव घेईल. उड्डाण आणि उतरणे वेगवेगळे मोजतात, त्यामुळे तिथे रोज १२ मूव्हमेंट होतात, दुसरीकडे फक्त चार. प्रवासी मोजणारा मात्र दुसऱ्याच्या बाजूने बोलेल, कारण पहिल्यावरून रोज सुमारे ३०२ जण जातात, दुसऱ्यावरून ३२४. दोघांचेही हिशेब बरोबर आहेत.

आता दोन्हीकडे एकेक फेरी रद्द करून पाहा. पहिल्याची एक षष्ठांश आसने गेली, दुसऱ्याची थेट निम्मी. शिवाय पहिल्या ठिकाणी अडकलेला प्रवासी बहुधा त्याच दिवशी पुढच्या विमानाने निघू शकतो. म्हणून प्रवाशांच्या आकड्याशेजारी फेऱ्या आणि आसने हे दोन रकाने नसतील, तर ती तुलना मी अर्धवटच मानतो.

मूव्हमेंटमध्येही गोम आहे. शिकाऊ वैमानिक चाके टेकवून न थांबता पुन्हा उडतो, तेव्हा त्याच्या दोन मूव्हमेंट धरल्या जातात. फ्लाइंग स्कूल असलेला विमानतळ त्यामुळे कागदावर फार व्यग्र दिसतो. तुलनेसाठी नियोजित प्रवासी उड्डाणे आधी वेगळी काढावीत.

प्रवासी मोजण्याची रीतही सगळीकडे एक नसते. काही तक्त्यांत फक्त चढणारे असतात, काहींत चढणारे आणि उतरणारे दोन्ही. म्हणजे व्याख्या न वाचता तुलना केली तर दुपटीची चूक सहज होते. विमान बदलणारा प्रवासी त्या विमानतळावर सहसा दोनदा मोजला जातो, एकदा उतरताना आणि एकदा चढताना. त्याच विमानात बसून पुढे जाणारा एकदाच. देशाचा एकूण आकडा काढायला सगळ्या विमानतळांची बेरीज केली, तर देशांतर्गत प्रवास करणारा प्रत्येक जण दोन्ही टोकांना येतो.

लोड फॅक्टर, म्हणजे उपलब्ध आसनांपैकी भरलेल्यांचे प्रमाण, काढताना सर्वांत जास्त चुका होतात. ७२ पैकी ५० आसने भरली, म्हणजे ६९.४ टक्के. १८० पैकी १७१ भरली, म्हणजे ९५. या दोन टक्केवाऱ्यांची सरासरी ८२.२ येते आणि ती चूक आहे. खरे उत्तर २५२ पैकी २२१, म्हणजे ८७.७ टक्के. टक्क्यांची सरासरी काढायची नाही. आधी आसने आणि प्रवासी वेगवेगळे बेरजून मग भागाकार करायचा. मार्गांची लांबी कमीजास्त असेल, तर दोन्ही संख्या अंतराने गुणून घ्याव्यात. मधल्या थांब्यावर तर आणखी काळजी हवी: तिथे विमानाची सगळी आसने विक्रीला नसतात, काहींवर पुढे जाणारे आधीच बसलेले असतात.

वाढीचे टक्के सांगणाऱ्या बातम्या जपून वाचाव्यात. आठवड्याला एक फेरी होती, दोन झाल्या, की ‘१०० टक्के वाढ’ छापायला मोकळे. लीप वर्षातला फेब्रुवारी आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीपेक्षा काही न करता ३.६ टक्के मोठा असतो. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होते आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे मार्च आणि एप्रिल शेजारी ठेवून फारसे काही कळत नाही. सलग १२ महिन्यांची बेरीज दर महिन्याला पुढे सरकवत नेणे हा त्यावर चांगला उपाय.

वक्तशीरपणात १५ मिनिटांपर्यंतचा उशीर बहुतेक ठिकाणी ‘वेळेवर’च धरतात. रद्द झालेले उड्डाण मात्र सरासरी उशिराच्या हिशेबात येतच नाही. धुक्यात सगळी सकाळ वाया गेली तरी तो आकडा नितळ राहू शकतो. आयएलएस (वैमानिकाला रेडिओ संकेतांनी धावपट्टीवर आणणारी यंत्रणा) नसलेल्या धावपट्टीवर उतरायला सहसा जास्त दृश्यमानता लागते, त्यामुळे छोट्या विमानतळांना हे अधिक भोवते. रद्द उड्डाणांचे प्रमाण नेहमी वेगळ्या रकान्यात लिहावे.

आकडे फलकावरून किंवा उड्डाणे दाखवणाऱ्या ॲपवरून घेत असाल, तर दोन गोष्टी तपासा. कोडशेअरमुळे, म्हणजे एकाच उड्डाणाची तिकिटे अनेक कंपन्या आपापल्या क्रमांकाने विकतात म्हणून, एकच विमान तीन कंपन्यांच्या तीन क्रमांकांनी झळकते. वेळ आणि गंतव्य सारखे असलेल्या नोंदी एकत्र करा. ॲपची बरीचशी माहिती विमानाने पाठवलेल्या एडीएस-बी संदेशांवर चालते. ते १०९० मेगाहर्ट्‌झवर सरळ रेषेत जातात, डोंगराआड पोहोचत नाहीत. जवळ रिसीव्हर नसेल तर विमान खाली येता येता पडद्यावरून नाहीसे होते आणि त्याचे उतरणे नोंदलेच जात नाही. अशा विमानतळावर फेऱ्या एकाएकी घटलेल्या दिसल्या, तर आधी वेळापत्रकाशी ताळा करा. पुष्कळदा विमाने उडत असतात, बंद पडलेला असतो तो रिसीव्हर.