मायनर लीगचं टेबल आयपीएलसारखं वाचू नका

दर ऑगस्टला कुणी ना कुणी मला बेसबॉलच्या टेबलचा स्क्रीनशॉट पाठवतंच. आम्ही राहतो न्यू जर्सीत, ब्रिजवॉटरजवळ. सॉमरसेट पेट्रियट्स या मायनर लीगमधल्या बेसबॉल संघाचं मैदान इथल्या रेल्वे स्टेशनला लागूनच आहे, त्यामुळे ओळखीतली बरीच मराठी मंडळी उन्हाळ्यात पोरांना घेऊन सामन्याला जातात. स्क्रीनशॉटखालचा प्रश्नही ठरलेला: "हे तर एक नंबरवर आहेत, मग प्लेऑफ नक्की ना?" यंदा ठाण्याहून आलेल्या मेहुण्याने तेच विचारलं. वर म्हणाला, "भाऊजी, साधं पॉइंट्स टेबल तर आहे!" साधं नाही, आणि पॉइंट्स तर त्यात मुळातच नाहीत.

आयपीएलचं तुम्हाला मी काय सांगणार? दहा संघ, चौदा-चौदा साखळी सामने, विजयाला दोन गुण, पावसाने धुतला तर एकेक, गुण सारखे झाले की नेट रनरेट, वरचे चार पुढे. पहिल्या आठवड्यातला विजय आणि शेवटच्या आठवड्यातला विजय एकाच तागडीत.

इकडे गुणांऐवजी विजयांची टक्केवारी असते. नेट रनरेट नाही. १५-० ने जिंका की १-० ने, विजय एकच. आणि कृपा करून मायनर लीगला 'सेकंड डिव्हिजन' म्हणू नका. रणजीत प्लेट गटातला संघ एलिटमध्ये चढतो, तसा सॉमरसेट कधीच वर चढणार नाही. तो न्यूयॉर्क यांकीज या मेजर लीगमधल्या, म्हणजे सर्वात वरच्या पातळीवरच्या क्लबचाच डबल-ए संघ आहे, दोन पायऱ्या खालचा. वर चढतात ते खेळाडू. या विषयावर मी आयुष्यात पुरेसा बोललोय.

खरी मेख वेगळीच आहे. सॉमरसेट ज्या इस्टर्न लीगमध्ये खेळतो, तिथला १३८ सामन्यांचा हंगाम मधोमध कापलेला असतो. ६९ सामने झाले की जूनच्या उत्तरार्धात सगळ्यांची पाटी कोरी. सहा-सहा संघांचे दोन गट. पहिल्या अर्ध्यात जो गटात पहिला येतो, त्याचं प्लेऑफचं तिकीट जूनमध्येच पक्कं. दुसऱ्या अर्ध्यात जो पहिला, तो गटातून पुढे जाणारा दुसरा संघ. (दोन्ही अर्धे एकानेच जिंकले, तरच वेगळा नियम लावावा लागतो.) ट्रिपल-एमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या पायरीवर, २०२३पासून याहून कडक कारभार आहे: वीस संघांच्या इंटरनॅशनल लीगमधून फक्त दोन संघ पुढे, प्रत्येक अर्ध्याचा एक.

मेहुण्याला मी पेपर नॅपकिनवर मांडून दाखवलं. समजा एका गटात अ, ब आणि क. पहिल्या अर्ध्यात अ ४१ जिंकला, २८ हरला आणि पहिला आला. क ३८-३१. ब ३०-३९, म्हणजे गाळातच. आता सप्टेंबर उजाडलाय, दुसऱ्या अर्ध्याचा एकच आठवडा उरलाय. ब ३७-२६, क ३४-२९, अ २८-३५. दोन्ही अर्ध्यांची बेरीज केली तर क ७२-६०, अ ६९-६३, ब ६७-६५. फोनवरचं ॲप आधी ही बेरीजच दाखवतं, आणि लोक क-ला शुभेच्छा देऊन मोकळे होतात. पण क अजून कुठेच नाही. या घडीला पुढे जाणारे आहेत अ आणि ब.

"हा तर अन्याय झाला," मेहुणा म्हणाला. झालाय, आणि खुद्द मेजर लीगमध्ये झालाय. १९८१ साली खेळाडूंच्या संपामुळे तिथला हंगाम असाच दोन तुकड्यांत मोजला. सिनसिनाटी रेड्सची बेरीज ६६-४२, अख्ख्या मेजर लीगमध्ये सर्वोत्तम. पण पहिल्या तुकड्यात डॉजर्स ३६-२१ आणि रेड्स ३५-२१, दुसऱ्यात ॲस्ट्रोज ३३-२० आणि रेड्स ३१-२१. दोन्हीकडे दुसरे, म्हणून घरी. तिकडे कॅन्सस सिटी रॉयल्स ५०-५३, म्हणजे जिंकल्यापेक्षा हरलेले जास्त, तरी प्लेऑफमध्ये. आणि संप सुरू झाला तेव्हा तो दिवस पहिल्या तुकड्याचा शेवट ठरेल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

तरीही मायनर लीगपुरती मला ही पद्धत आवडते. इथल्या व्यवस्थापकाच्या हातात स्वतःचा संघच नसतो. अ-चं दुसऱ्या अर्ध्यात काय झालं ते पाहा. लोक म्हणतात कोसळला. अहो, त्याचे चांगले पिचर (चेंडू टाकणारे) जुलैत ट्रिपल-एला उचलून नेले! वरच्या क्लबला डबल-एच्या विजेतेपदाशी देणंघेणं नसतं, त्यांना पिचर तयार हवा असतो. सप्टेंबर लागला की मेजर लीगचे संघ २६ वरून २८ खेळाडूंचे होतात, मग वरून खाली सगळ्या पायऱ्यांवर माणसं हलतात. जूनमधला संघ आणि सप्टेंबरमधला संघ यांचं नाव एक, शर्ट एक, माणसं बरीचशी वेगळी. त्यांची बेरीज करून काय कळणार?

म्हणून ऑगस्टपासून दोनच गोष्टी बघाव्यात: दुसऱ्या अर्ध्याचं टेबल आणि त्यातला 'जीबी' हा रकाना, म्हणजे पहिल्यापासून किती सामने मागे. विजयांतला फरक अधिक पराभवांतला फरक, भागिले दोन. वरचे रेड्स डॉजर्सपेक्षा एक विजय कमी, पराभव सारखेच, म्हणून अर्धा सामना मागे. आपला क तीनने मागे आहे.

तीन म्हणजे फार वाटतं. पण इथे मंगळवार ते रविवार एकाच संघाशी ओळीने सहा सामने असतात, आणि शेवटच्या आठवड्यात ब आणि क समोरासमोर आलेत असं धरा. इतर कुणाला हरवलं तर क अर्ध्या सामन्याने जवळ येतो. ब-लाच हरवलं तर पूर्ण एकाने, कारण त्याच फटक्यात ब-चा पराभवही वाढतो. सहापैकी चार जिंकून भागत नाही, पाच हवेत. शनिवार रात्रीपर्यंत पाचात चार जिंकले, तर दोघे ३८-३०. सगळा हंगाम रविवारच्या एका दुपारवर.

त्या रविवारी सकाळी मेहुण्याच्या फोनवरचं बेरजेचं टेबल मात्र सांगत असेल: क ७६-६१, ब ६८-६९. क तब्बल आठ सामन्यांनी पुढे.