वॉरगेमिंग टेबलावरचा रेल्वेमार्ग

वॉरगेमिंग म्हणजे छोट्या सैनिकांच्या मूर्ती घेऊन टेबलावर लढाई खेळायचा छंद, आणि त्या टेबलावर टेकड्या, नदी, घरं मांडतात तसाच रेल्वेमार्गही मांडतात. मॉडेल रेल्वेचे तयार रूळ वापरून किंवा रूळ स्वतःच बनवून जे तुकडे तयार होतात त्यांना रेल्वे टेरेन म्हणतात. मॉडेल रेल्वेच्या लेआउटशी, म्हणजे छोटी गाडी चालवायच्या मांडणीशी, याचं नातं जवळचं पण काम वेगळं. लेआउटवर गाडी धावायला हवी, रुळातून करंट जायला हवा, सांधा जरा चुकला की डबा घसरतो. इथे गाडी हाताने सरकवतात नाहीतर उभीच ठेवतात, पण रुळांवर सैनिक न डुगडुगता उभे राहिले पाहिजेत, खेळताना कोपर लागलं तरी तुकडा जागचा हलू नये आणि पुढच्या डावाला मांडणी बदलता यावी. लेआउट बनवणारे चांगले कारागीर पहिल्यांदा टेरेन करतात तेव्हा इथेच अडकतात, सुंदर नाजूक काम करतात आणि ते दोन डावांत तुटतं.

सगळ्यात जास्त गोंधळ मापाचा. रेल्वेवाले स्केल (खऱ्यापेक्षा किती पट लहान) आणि गेज (दोन रुळांमधलं अंतर) सांगतात, वॉरगेमवाले माणसाची उंची सांगतात, २८ मिमी, १५ मिमी असं, आणि या दोन भाषा जुळवायचं काम आपल्यावर येतं. २८ मिमी म्हणजे साधारण १:५६ धरा (कंपनीप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतंच). खऱ्या स्टँडर्ड गेजची रुंदी १४३५ मिमी, तिला ५६ ने भागलं की २५.६ मिमी येते आणि मॉडेल रेल्वेच्या नेहमीच्या गेजमध्ये हे माप बसतच नाही. एचओ, ओओ, एस, ओ ही त्या गेजची नावं. एचओ आणि ओओचे रूळ १६.५ मिमी, एस गेज २२.५ च्या आसपास, ओ गेज ३२ मिमी. सहज मिळतात म्हणून बरेच जण एचओचे रूळ आणतात आणि २८ मिमी सैनिकांशेजारी ठेवतात, पण उलटा हिशेब केला तर ते खऱ्या जगात ९२४ मिमी भरतात, म्हणजे मीटरगेजपेक्षाही कमी. दुसऱ्या महायुद्धातल्या युरोपच्या मेनलाइनला ते शोभत नाहीत, रणगाडा शेजारी आला की लगेच डोळ्यात खुपतं.

पण तेच रूळ योग्य जागी एकदम चपखल बसतात. दमास्कसहून मदिनेला जाणारी हेजाझ रेल्वे १०५० मिमी गेजची होती, १:६४ धरून ६४ ने भागा, १६.४ येतात, म्हणजे थोड्या लहान चणीच्या २८ मिमी सैनिकांना एचओ हुबेहूब लागू. आपल्याकडच्या ब्रॉडगेजचंही तसंच आहे. बोरीबंदर ते ठाणे १८५३ साली गाडी धावली तेव्हापासूनचं ते १६७६ मिमीचं माप, १:५६ ला २९.९ होतं, तिथे ओ गेजचे ३२ मिमी रूळ दोनच मिलिमीटरने जास्त. आणि १५ मिमी, म्हणजे १:१०० मध्ये खेळत असाल तर १६.७६ हवेत आणि एचओचे १६.५ मिळतात! भारतातला सीन करायचा असेल तर हे जुळणं केवढं सोयीचं आहे हे हिशेब केल्याशिवाय कळत नाही, म्हणून खरेदीआधी कॅल्क्युलेटर काढावा.

दुसरी गोष्ट वळणाची. सहा बाय चार फुटांचं टेबल म्हणजे १:५६ ला जेमतेम शंभर मीटर लांबीची जमीन, एवढ्यात खरी रेल्वे वळलेली दिसतच नाही. खेळण्यातल्या सेटमधलं ४३८ मिमी त्रिज्येचं वळण खऱ्यात २५ मीटरसुद्धा भरत नाही. तेव्हा सरळ तुकडेच करा, फार तर फ्लेक्सी ट्रॅकला (हाताने वाकवता येणाऱ्या रुळाला) किंचित बाक द्या आणि मार्ग टेबलाला तिरका घाला, दिसायलाही छान आणि दोन्ही बाजूंना खेळायला जागाही राहते.

तुकडे एक एक फुटाचे बरे पडतात. खाली ३ मिमी एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड), कडा तिरक्या घासलेल्या. एमडीएफ एकाच बाजूने ओलं केलं की वाकतं, पावसाळ्यात तर हमखास, म्हणून दोन्ही बाजूंना आधी रंगाचा हात द्यावा. वर भरावासाठी फोम. भराव एक-दीड सेंटिमीटरच्या वर नेऊ नये आणि उतार अगदी सौम्य ठेवावा, नाहीतर बेसवरचे (पायाखालच्या चकतीवरचे) सैनिक घसरतात. सगळ्या तुकड्यांची टोकं एकाच साच्यावर कापायची, हे चुकलं की प्रत्येक जोडावर पायरी दिसते.

रूळ स्वतः करायचे तर रुळांखालच्या आडव्या लाकडी स्लीपरसाठी कॉफी ढवळायच्या काड्या उत्तम. खरा ब्रॉडगेजचा स्लीपर २७५० बाय २५० मिमी, १:५६ ला ४९ बाय साडेचार, काडीची रुंदी जवळपास तेवढीच असते, फक्त लांबी कापायची. दोन स्लीपरमध्ये, मधोमध ते मधोमध, ११-१२ मिमी. एचओचे तयार रूळ घेतले तर त्यांचे स्लीपर फार दाट आणि आखूड दिसतात, खालचे जोड कापून ते लांब सरकवावेत किंवा खडीत अर्धे बुजवावेत. मॉडेल रुळाचा कोड म्हणजे त्याची उंची इंचाच्या हजाराव्या भागात, कोड १०० च्या रुळाची उंची २.५ मिमी असते, ती २८ मिमीला चालून जाते.

खडी म्हणजे चाळलेली वाळू. कोरडी पसरायची, ब्रशने रुळांवरची झाडायची, मग भांडी धुवायच्या लिक्विडचा एक थेंब घातलेलं पाणी फवारायचं आणि पातळ केलेलं फेविकॉल ड्रॉपरने सोडायचं. लिक्विड नसेल तर गोंदाचे थेंब वर गोळा होऊन बसतात आणि खडीला खड्डे पडतात. रंगात एकच गोष्ट पाळा, रुळाच्या बाजू गंजक्या आणि माथा चकचकीत, कारण चाकं तो घासत असतात. माथाही गंजका केला की मार्ग बंद पडलेला वाटतो. दख्खनचा सीन असेल तर खडी काळसर, बेसॉल्टची.

उद्ध्वस्त तुकडे मात्र करायलाच हवेत, रेल्वे टेबलावर आणायचं कारणच बऱ्याचदा ते असतं. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६४ साली जॉर्जियात जनरल शर्मनच्या सैनिकांनी रूळ तापवून झाडांना गुंडाळले होते, ते सोल्डरच्या तारेने छान होतात. दुसऱ्या महायुद्धात माघार घेणारे जर्मन गाडीमागे नांगर लावून स्लीपर मधोमध मोडत जायचे, तिथे प्रत्येक काडी मोडून इंग्रजी व्हीसारखी चिकटवायची. हेजाझवर लाकडाऐवजी पोलादी स्लीपर होते, पहिल्या महायुद्धात तुर्कांविरुद्धच्या अरब बंडात त्यांच्याखाली सुरुंग पुरत, स्लीपर वर उचलला जाई आणि रूळ आत ओढला जाऊन पिळवटून जाई, त्या सुरुंगाला ट्यूलिपच म्हणत. असा तुकडा साध्या तुकड्याएवढ्याच लांबीचा करून बाजूला ठेवायचा आणि डावात स्फोट झाला की दोघांनी मिळून अदलाबदल करायची.