त्र्याहत्तराव्या चेंडूनंतर

२७ ऑक्टोबर २०२०. टेक्सासमधलं आर्लिंग्टन. बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा, सहावा सामना. टॅम्पा बे रेज १–० ने पुढे, आणि त्यांचा डावखुरा पिचर (बेसबॉलचा गोलंदाज) ब्लेक स्नेल अशा भरात, की लॉस एंजेलिस डॉजर्सचे फलंदाज यायचे आणि मान खाली घालून परत जायचे. पाच इनिंगमध्ये (छोट्या डावांत) नऊ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद. सहाव्या इनिंगमध्ये एक जण बाद झाल्यावर ऑस्टिन बार्न्सने साधासा फटका मारून पहिला बेस गाठला. स्नेलने दिलेला हा उभ्या सामन्यातला दुसराच हिट (बेस गाठून देणारा फटका). तेवढ्यात रेजचे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, केव्हिन कॅश डगआउटमधून बाहेर आले. त्यांना पाहताच स्नेल काय पुटपुटला ते टीव्हीवर ओठांवरून कळत होतं. इथे छापण्यासारखं नाही.

स्नेलचे जेमतेम ७३ चेंडू झाले होते. कॅश यांनी त्याला काढलं आणि निक अँडरसनला आणलं. मूकी बेट्सने लगेच डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारा फटका) मारला, एक चेंडू कॅचरच्या हातून निसटून बार्न्स धाव घेऊन गेला, पाठोपाठ बेट्सही घरी पोचला. १–० चं १–२ झालं. सामना डॉजर्सने ३–१ ने जिंकला आणि १९८८ नंतरचं पहिलं विजेतेपद त्यांच्या पदरात पडलं. बेसबॉलचे चाहते आजही या एका निर्णयावर तावातावाने भांडतात.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला वाटेल, एवढं काय त्यात? कर्णधाराने गोलंदाज बदलला. पण बेसबॉलमध्ये एकदा काढलेला खेळाडू त्या सामन्यात परत येत नाही. दुसऱ्या टोकाकडून पुन्हा एक स्पेल, असलं काही नाही. शिवाय नऊ फलंदाज ठरलेल्या क्रमाने, रहाटगाडग्यासारखे फिरत राहतात. नववा झाला की पुन्हा पहिला. म्हणजे एक पिचर बराच वेळ टिकला तर त्याच फलंदाजाशी त्याची दुसरी भेट होते, तिसरी होते. कॅश यांना धास्ती होती ती या तिसऱ्या भेटीची.

दरवर्षीच्या आकड्यांत एक गोष्ट न चुकता दिसते. एकाच सामन्यात फलंदाज त्याच पिचरला जितक्या जास्त वेळा सामोरा जातो, तितका तो थोडा थोडा सुधारतो. पहिल्या भेटीपेक्षा दुसऱ्या भेटीत बरा, तिसऱ्या भेटीत आणखी बरा. साधं उत्तर म्हणजे पिचर थकतो. ते खरंही आहे, पण पुरं नाही. पहिल्याच भेटीत फलंदाजाने पुष्कळ चेंडू खेळून काढले असतील तर पुढच्या भेटीत त्याचा फायदा वाढतो. एकाच तऱ्हेच्या चेंडूवर भिस्त ठेवणाऱ्या पिचरला त्याची झळ जास्त लागते; चार तऱ्हा जाणणाऱ्याला कमी. नुसत्या थकव्याने असं झालं नसतं. फलंदाजाची नजर सरावते आहे.

नजर सरावणं म्हणजे काय, हे कळायला चेंडूचा प्रवास पाहावा लागतो. पिचरच्या उंचवट्यापासून फलंदाजापर्यंतचं अंतर १८.४४ मीटर. पिचर लांब पाऊल टाकून चेंडू सोडतो, त्यामुळे चेंडूला कापायला साधारण साडेसोळा मीटरच उरतात. ताशी १५३ किलोमीटर वेगाचा चेंडू ते अंतर सुमारे ०.४ सेकंदात पार करतो. त्यातला सुमारे ०.१ सेकंद डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूपर्यंत पोचण्यात जातो आणि बॅट फिरवायला सुमारे ०.१५ सेकंद लागतो. मारायचं की सोडायचं, मारायचं तर कुठे, हे ठरवायला उरलेला वेळ पापणी लवण्याएवढा. टप्पा पडण्याची वाट बघायची सोय नाही, कारण चेंडू टप्पा न पडताच येतो. (आपल्याकडे टप्पा पडल्यावर बिघडतं, यांच्याकडे हवेतच.)

‘चेंडूवर शेवटपर्यंत नजर ठेव’ हा सल्ला प्रत्येक प्रशिक्षक देतो. टेरी बाहिल आणि टॉम लारिट्झ यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं की तो पाळणं माणसाला शक्यच नाही. त्यांच्या चाचणीत एका व्यावसायिक खेळाडूची नजरसुद्धा चेंडू सुमारे १.७ मीटरवर येईपर्यंतच टिकली. पुढे चेंडू डोळ्यांना मागे टाकून गेला. थोडक्यात, फलंदाज चेंडूला मारत नाही, मेंदूने केलेल्या अंदाजाला मारतो. तो अंदाज पिचरचा हात, मनगट, चेंडू सुटण्याची जागा आणि सुरुवातीच्या काही मीटरांतला प्रवास यांवरून बांधला जातो. वेगाने उलट फिरणारा चेंडू मॅग्नस परिणामामुळे (फिरणाऱ्या चेंडूवर हवा जो जोर लावते त्यामुळे) अपेक्षेपेक्षा कमी खाली येतो आणि बॅट त्याच्या खालून जाते. पण हेच दहा वेळा पाहिलं की मेंदू हिशोब दुरुस्त करतो. तिसऱ्या भेटीला येणारा फलंदाज ही दुरुस्त केलेली वही घेऊन येतो.

मग कॅश यांचं बरोबर होतं? इथे चाहत्यांचे दोन तट पडतात आणि गंमत म्हणजे दोघांकडेही आकडे आहेत. स्नेलच्या बाजूचे सांगतात, की पुढचे तीन फलंदाज, बेट्स, कोरी सीगर आणि जस्टिन टर्नर, त्या दिवशी त्याच्यापुढे सहा वेळा आले आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट झाले. ऐकायला जबरदस्त वाटतं. संख्याशास्त्र मात्र नाक मुरडतं: सहा हा आकडा फार लहान, एवढ्यावरून सातव्या वेळेबद्दल फारसं सांगता येत नाही. त्यांचा दुसरा मुद्दा मला जास्त पटतो. कॅश यांना दमलेला स्नेल आणि ताजा स्नेल यांतून निवड करायची नव्हती. स्नेल आणि अँडरसन यांतून करायची होती. आणि अँडरसनने आधीच्या सलग सहा सामन्यांत धाव दिली होती. ‘तिसऱ्या भेटीचा दंड’ ही हजारो पिचरांची सरासरी आहे. समोर उभा असलेला माणूस सरासरी नसतो.

शिवाय त्या दंडाचीही नंतर उलटतपासणी झाली. रायन ब्रिल, समीर देशपांडे (आडनाव वाचून माझे कान टवकारले, हे कबूल) आणि अब्राहम वायनर यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणात पिचर आणि फलंदाजांचा दर्जा वगैरे गोष्टी वेगळ्या काढून पाहिल्या. दुसरी फेरी संपून तिसरी सुरू होते त्या रेषेवर अचानक खड्डा असल्याचा ठोस पुरावा त्यांना मिळाला नाही. पिचरची घसरण होते, पण ती उतारासारखी, सामनाभर हळूहळू. म्हणजे अठरावा फलंदाज गेला की पिचरला काढायचंच, हा नियम सोयीचा असला तरी त्या रेषेत जादू काही नाही.

आता याच्या नेमकं उलट घडलेलं पाहा. १६ ऑक्टोबर २००३, न्यूयॉर्क. बॉस्टन रेड सॉक्स ५–२ ने पुढे, आठवी इनिंग, पेद्रो मार्टिनेझ थकत चाललेला. मॅनेजर ग्रेडी लिटल मैदानात आले, त्याच्याशी बोलले आणि त्याला तिथेच ठेवून परत गेले. न्यूयॉर्कच्या यँकीजने बरोबरी साधली आणि अकराव्या इनिंगमध्ये ॲरन बूनच्या होमरनने (आपल्या षटकारासारख्या फटक्याने) सामना नेला. पेद्रोने १२३ चेंडू टाकले होते. लिटल यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. एकाने काढलं म्हणून शिव्या, एकाने ठेवलं म्हणून नोकरी गेली.

जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये हाच खोडा नेमका पकडला. त्यांनी लोकांना डॉक्टरांच्या निर्णयांचे प्रसंग दिले. माहिती तीच, धोका तोच, निर्णयही तोच. फक्त एका प्रसंगात रुग्ण वाचतो, दुसऱ्यात दगावतो. दगावलेल्या प्रसंगात लोकांनी डॉक्टरच्या विचारशक्तीलाच कमी गुण दिले.

पिचरला कधी काढायचं, हा प्रश्न एकेकाळी निम्मा तरी आपोआप सुटायचा, कारण पिचरलाही बॅटिंग करावी लागे आणि ती बहुतेकांना येत नसे. त्याची पाळी आली, संघ मागे असला, की मॅनेजर त्याच्या जागी दुसरा फलंदाज पाठवत. त्याबरोबर त्याची पिचिंगही संपली. पिचर उत्तम टाकतोय, पण बॅट हातात घेतली की नुसती भर. आता काय करावं? जुने चाहते ज्या डावपेचांसाठी उसासे टाकतात ते हेच.

पिचरच्या ऐवजी एक नेमलेला फलंदाज खेळवावा, ही कल्पना फिलाडेल्फियाचे मॅनेजर कॉनी मॅक यांनी १९०६ मध्येच मांडली होती. तेव्हा ती कोणी मनावर घेतली नाही. १९६८ मध्ये पिचर इतके शिरजोर झाले, की अमेरिकन लीगमधला (बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगांपैकी एक; दुसरी नॅशनल) सर्वोत्तम फलंदाज .३०१ च्या सरासरीवरच, म्हणजे हजार वेळांत ३०१ हिटवर, थांबला. त्याच वर्षी सेंट लुईसच्या बॉब गिब्सनने एकट्याने २८ सामने पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत टाकले. २०२४ च्या अख्ख्या हंगामात तीस संघांनी मिळून जेमतेम तेवढे टाकले आहेत. १९६९ मध्ये पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० इंचांवर आणला गेला, आणि १९७३ मध्ये अमेरिकन लीगने डेझिग्नेटेड हिटर, म्हणजे डीएच, स्वीकारला. ६ एप्रिल १९७३ रोजी यँकीजचा रॉन ब्लूमबर्ग पहिला डीएच म्हणून उभा राहिला आणि चार ‘बॉल’ (मारण्याच्या टप्प्याबाहेरचे चेंडू) मिळाल्यामुळे चालत पहिल्या बेसवर गेला.

नॅशनल लीग मात्र हटून बसली. परिणामी जवळजवळ अर्धं शतक तोच खेळ दोन लीगमध्ये एका नियमाच्या फरकाने चालू राहिला. शास्त्रज्ञांना याहून काय हवं? ब्रायन गॉफ, विल्यम शुगार्ट आणि रॉबर्ट टॉलिसन या अर्थतज्ज्ञांनी १९९७ मध्ये दाखवलं, की डीएच आल्यापासून अमेरिकन लीगमध्ये फलंदाजांच्या अंगावर चेंडू जास्त लागत. कारण? पिचरला स्वतः बॅटिंग करायची नाही, तर बदला घेणार कुणाचा! विमा उतरवलेला माणूस गाडी बेफिकीर चालवतो, तसं. त्यावर इतरांनी हरकत घेतली. नॅशनल लीगमध्ये तेव्हा नववा फलंदाज हा दुबळा पिचरच असायचा. त्याला घाबरवायला अंगावर टाकायची गरज कुणाला? मग तिथला आकडा आपसूक कमी दिसणारच. स्टीव्हन लेव्हिट यांचा आक्षेप असा, की फलंदाजाच्या अंगावर चेंडू मारला म्हणून पिचरला तसाच चेंडू खावा लागण्याचे प्रसंग मुळातच इतके थोडे, की त्या भीतीने कुणाचं वागणं बदलावं कसं? नव्वदच्या दशकात दोन्ही लीगमधला फरकही विरत गेला. वाद पूर्ण मिटला नाही, पण एका नियमाने माणसाचं वागणं बदलतं की फक्त मोजदाद बदलते, हे ओळखणं किती अवघड असतं ते त्यातून छान दिसतं.

२०२१ मध्ये पिचरांची फलंदाजीची सरासरी .११० च्या आसपास होती. दहा वेळा मारायला गेले तर एकदा कसाबसा हिट. २०२२ पासून डीएच दोन्ही लीगमध्ये कायमचा झाला. माझं मत विचाराल तर डावपेचांची हळहळ मला समजते, पण .११० बघायला तिकीट काढणाऱ्याची जास्त दया येते. आयपीएलमध्ये २०२३ पासून आलेल्या इम्पॅक्ट प्लेअरवर आपल्याकडे चाललेली भांडणं याच कुळातली. अष्टपैलू खेळाडूंची वाढ यामुळे खुंटते, हे रोहित शर्मा २०२४ मध्ये बोललाच होता.

अष्टपैलूंसाठी बेसबॉलने २०२२ मध्ये एक खिडकी उघडली. सुरुवातीचा पिचर स्वतःच डीएच म्हणूनही खेळत असेल, तर पिचिंगवरून काढल्यावरही त्याला बॅटिंग चालू ठेवता येते. लोक त्याला ओतानी नियम म्हणतात, कारण शोहेई ओतानीखेरीज तसा खेळणारा कोणी नव्हताच.

ऑक्टोबर २०२५, नॅशनल लीगची अंतिम मालिका, डॉजर्स विरुद्ध मिलवॉकी. पहिल्या सामन्यात डॉजर्सचा पिचर होता ब्लेक स्नेल; तोच, आता पूर्वीच्या प्रतिस्पर्ध्यांच्या गणवेशात. आठ इनिंग, १०३ चेंडू, एकच हिट. फलंदाजांशी तिसरी भेट सुरू झाली तरी त्याला कुणी हात लावला नाही. नवव्या इनिंगला मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स यांनी त्याला बसवलं. नंतर आलेल्या पिचरांनी एक धाव दिली, तिन्ही बेसवर प्रतिस्पर्धी पोचले, प्रेक्षकांचे श्वास अडकले. पण डॉजर्स २–१ ने जिंकले, आणि त्या निर्णयावरून रॉबर्ट्स यांना कॅश यांच्यासारखं कुणी सोलून काढलं नाही.

चार दिवसांनी, १७ ऑक्टोबरला, ओतानी उंचवट्यावर होता. सहा इनिंग, दहा स्ट्राइकआउट, शून्य धावा, शिवाय बॅटने दोन होमरन. सातव्या इनिंगच्या सुरुवातीला दोन फलंदाज बेसवर पोचले, त्याचे शंभर चेंडू झाले होते, आणि रॉबर्ट्स यांनी त्याला काढलं. तो डगआउटमध्ये गेला, हेल्मेट चढवलं, आणि त्याच इनिंगच्या उत्तरार्धात बाहेर येऊन तिसरा होमरन मारला.